'पायपर' ऐकताना सम कुठे शोधायची?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात राहते, दहा वर्षं ख्याल शिकते आहे. 'द डार्क साइड ऑफ द मून' फार आवडला म्हणून पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', ऐकायला घेतला आणि निराश झाले. अर्धी गाणी बालगीतांसारखी वाटतात आणि मध्येच जवळजवळ दहा मिनिटांचा नुसता गोंधळ. यात शैली म्हणून नेमकं ऐकायचं काय? सायकेडेलिक रॉक आपल्या रागसंगीतातून आलं म्हणतात, ते खरं का? आणि नशा केल्याशिवाय ते कळतच नाही, असं एक मित्र म्हणाला. तेही खरं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तो प्रश्न डोक्यात राहिला तर बाकीचं काही ऐकूच येणार नाही. नाही, हे खरं नाही. हा अल्बम मी तीस वर्षांहून जास्त काळ पूर्ण शुद्धीवर ऐकतो आहे. शिकवताना, कार्यक्रमांचा साउंड लावताना, गाडी चालवताना, आणि एकदा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर. 'सायकेडेलिक' हा शब्द ग्रीक धातूंवरून बनवला गेला. मनात जे आहे ते प्रकट करणारं, असा त्याचा अर्थ. त्या काळच्या लंडनमध्ये या शब्दाचा एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या रसायनाशी थेट संबंध होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या माणसाने या अल्बममधली बहुतेक गाणी लिहिली, तो बँडचा गिटारवादक-गायक सिड बॅरेट 1967 च्या उत्तरार्धातच मानसिकदृष्ट्या ढासळत गेला आणि 1968 च्या एप्रिलपर्यंत स्वतःच्याच बँडमधून बाहेर पडला. त्यामागे नशा किती आणि मूळचा आजार किती, यावर आजही वाद आहे. मला एवढंच दिसतं की बावीस-तेवीस वर्षांच्या एका विलक्षण कल्पक मुलाचं काम थांबलं. त्याच्या संगीताला नशेचं प्रमाणपत्र चिकटवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. अल्बममध्ये जे आहे ते कानाने, हाताने आणि यंत्राने केलेलं आहे, आणि म्हणूनच ते समजावून सांगता येतं.

आता गोंधळाकडे वळू. तुम्ही म्हणता तो दहा मिनिटांचा तुकडा म्हणजे 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह', 9 मिनिटं 41 सेकंद. या अल्बमची किल्ली तिथे आहे, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

माझी सुरुवात तबल्याने झाली, गिटार नंतर आली. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या खोलीसमोरच एक तबल्याचे मास्तर राहायचे. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी गॅदरिंगला 'इंटरस्टेलर' वाजवायचं ठरवलं. कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली प्रत ऐकून आम्ही समजलो की आधी एक गत वाजवायची आणि मग दहा मिनिटं वाटेल ते करायचं. तसंच केलं. चौथ्या मिनिटाला सभागृह रिकामं व्हायला लागलं. मास्तर मात्र माझ्या आग्रहाखातर आले होते आणि शेवटपर्यंत बसले. परतताना लकडी पुलावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "अरे, तुमची सम कुठे होती?" सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे सगळं येऊन मिळतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन ती कॅसेट पुन्हा लावली आणि पहिल्यांदाच सम शोधत ऐकली. ती सापडली, आणि त्या रात्रीपासून हा अल्बम मला कळायला लागला.

गिटार आणि बास जी गत सुरुवातीला वाजवतात ती अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते आणि 'ई' या स्वरावर येऊन टेकते. त्या 'ई'ला षड्ज धरलात तर ती पंचमापासून सुटते आणि दोन्ही मध्यम, दोन्ही गंधार, दोन्ही रिषभ ओलांडत 'सा'पाशी पोहोचते. कोणत्याही रागात अशी सरळ उतरंड चालणार नाही, आणि तुमच्या कानाला पहिला धक्का इथेच बसतो. पण तिची रचना पाहा. ती ठाम आहे, लक्षात राहणारी आहे, आणि तिला पोहोचायची एक निश्चित जागा आहे. थोडक्यात, तो मुखडा आहे. तो काही वेळा म्हटला जातो आणि मग चौघंही तो सोडून देतात. ढोलकीसारखा चालू असलेला ठेका विरघळतो, ऑर्गन एखादा सूर धरून बसतो, गिटारमधून स्वर कमी आणि ओरखडे, घसरण, टकटक जास्त येते. मग शेवटच्या मिनिटभरात तोच मुखडा परत येतो, आधीपेक्षा जड आणि मोठा होऊन. स्टिरिओ मिश्रणात तर तो एका स्पीकरमधून दुसऱ्यात असा झपाझप झुलतो की डोकं गरगरतं.

म्हणजे मुखडा आहे, मधला विस्तार आहे, मुखड्यावर परत येणंही आहे. मग ख्यालाच्या श्रोत्याला तो गोंधळ का वाटतो? कारण मधल्या भागात तुम्ही स्वरांची बढत शोधता. एकेक स्वर उलगडत जाणं, मग मंद्रातून मध्य, मध्यातून तार. तसं इथे काहीच होत नाही. इथे बढत होते ती नादाची. आवाजाचा पोत बदलत जातो: कोरडा, ओला, दाट, विरळ, जवळचा, लांबचा. स्वर कोणता लागला हे इथे दुय्यम आहे. मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर काय करतो ते कधी पाहिलंय का? तारेखालचा दोरा केसभर सरकवतो. स्वर तोच राहतो, पण मघाशी बंद असलेला आवाज एकदम उघडतो, त्यातून आणखी सूर झिरपायला लागतात. त्या केसभर सरकण्याचंच कोणी पाच-सहा मिनिटांचं वादन केलं तर जे होईल, ते 'इंटरस्टेलर'च्या मधल्या भागात होतं. हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना देतो तेव्हा गाणं शिकलेल्या मुलांना ते गिटार शिकलेल्या मुलांपेक्षा लवकर कळतं.

ती गत आली कुठून, याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. बँडचे एक व्यवस्थापक पीटर जेनर यांनी लव्ह या अमेरिकन बँडच्या एका गाण्याची गत बॅरेटला गुणगुणून दाखवली. जेनर काही गाणारे नव्हते. बॅरेटने जे ऐकलं ते गिटारवर वाजवलं आणि ते मूळ गाण्यापेक्षा वेगळंच निघालं. भिंतीपलीकडून ऐकलेली बंदिश कोणी आपल्या मनाने पुरी करावी, तसं. शैली अशी चुकीच्या ऐकण्यातूनही घडते, हे मला फार मोलाचं वाटतं.

अल्बमवर जे ऐकू येतं त्यात आणखी एक थर आहे. निर्माते नॉर्मन स्मिथ यांनी 'इंटरस्टेलर'च्या एका वादनावर दुसरं वादन चढवलं. तेच चौघं, तीच गत, पण दोन वेळा वाजवलेली आणि एकावर एक ठेवलेली. त्यामुळे ड्रम काही ठिकाणी स्वतःशीच किंचित पुढेमागे होतात. हेडफोन लावून ऐकलंत तर ही दुहेरी वीण स्पष्ट जाणवते.

आता नाद घडतो कसा ते सांगतो. माझा रोजचा धंदाच तो आहे.

बॅरेटची गिटार म्हणजे फेंडर एस्क्वायर. तिच्यावर त्याने चंदेरी आवरण चढवून गोल आरसे लावले होते. मंचावरच्या रंगीत दिव्यांचा प्रकाश त्यावरून उडायचा. तारांवरून तो सिगारेटचा लायटर घसरवायचा. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा गोळा फिरवून मींड काढतात, तत्त्व तेच. पण वीणावादक मींडेने एका स्वरातून दुसऱ्यात सुरेल जातो. बॅरेट घसरणीलाच महत्त्व देतो, ती कुठे थांबते याला नाही. एएमएम या मुक्त वादनाच्या गटातले कीथ रो गिटारवर अशाच वस्तू ठेवून, घासून वाजवायचे आणि बॅरेटवर त्यांचा परिणाम झाला होता. दोघंही चित्रकलेतले, हे मला योगायोग वाटत नाही. रंग कॅनव्हासवर ओढावा तसा त्यांचा आवाज ओढलेला असतो.

आणि मग बिनसन एकोरेक. हे मिलानमध्ये बनणारं इटालियन यंत्र. त्या काळातली बाकीची बहुतेक एको यंत्रं चुंबकीय टेपवर चालायची, हे मात्र फिरत्या धातूच्या चकतीवर चालायचं. एक हेड आवाज नोंदवायचं, पुढची चार हेड तो थोड्या-थोड्या अंतराने परत वाजवायची. चारपैकी कोणती चालू ठेवायची हे वादक निवडायचा. सगळ्यात लांबचा प्रतिध्वनी सुमारे 300 मिलिसेकंदांनी यायचा.

300 मिलिसेकंद म्हणजे किती? पुण्यातल्या माणसाला सांगायला सोपं आहे. गणपतीच्या आधी पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. म्हात्रे पुलाच्या बाजूला पथकापासून शंभरएक मीटर लांब उभं राहा. ढोलावर टिपरू पडताना दिसतं आणि ठोका कानात मागाहून येतो. ते अंतर कापायला आवाजाला जवळपास 300 मिलिसेकंदच लागतात. एकोरेक हे अंतर पेटीत बसवतं. गिटार शेजारी वाजते आणि तिची सावली नदीच्या पलीकडून येते. कान बुचकळ्यात पडतो की वादक आहे कुठे. अवकाशात तरंगतोय असं ज्याला लोक म्हणतात, त्यामागची साधी गोष्ट ही आहे.

लयीचं गणितही बघा. दर मिनिटाला शंभर मात्रांची लय धरली तर एक मात्रा 600 मिलिसेकंदांची, म्हणजे 300 चा प्रतिध्वनी बरोबर अर्ध्या मात्रेवर पडतो. एक ठोका वाजवलात की मधला ठोका यंत्र भरतं. लय पुरेशी बदललीत की तेच यंत्र आडी लय, म्हणजे मात्रांना आडवी जाणारी लय, धरायला लागतं. माझ्या शिकवणीत मी हे विद्यार्थ्यांकडून तासभर करून घेतो: यंत्र तसंच ठेवायचं, लय फक्त सरकवत न्यायची. हे केल्यावर मुलं 'ॲस्ट्रॉनॉमी डोमिनी' वेगळ्या कानाने ऐकतात. अल्बम उघडतो तोच त्या गाण्याने. जेनर भोंग्यातून ग्रहताऱ्यांची नावं वाचत असतात, तारायंत्रासारखी टिकटिक येते, मग गिटार ठोके देत आत शिरते आणि गाण्याचे कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने ओघळत खाली येतात. 'इंटरस्टेलर'मधलीच उतरंड इथे गाण्यात गुंफलेली आहे. दोन्ही पाठोपाठ ऐकलंत तर एकाच माणसाचा हात कळतो.

लोक बॅरेटवर एवढं बोलतात की रिचर्ड राइट मागे पडतात. माझ्या मते या अल्बमचा षड्ज त्यांनी धरला आहे. त्यांचा फार्फिसा ऑर्गन चर्चमधल्या ऑर्गनसारखा भारदस्त नाही, पातळ आणि थोडा नाकातला आहे, आपल्या पेटीच्या एखाद्या सुरासारखा. गिटार सुटते तेव्हा तो सूर धरून ठेवतो. शिवाय त्यांचा जीव जॅझमध्ये होता. 'पॉव आर टॉक एच' हे चौघांनी मिळून केलेलं वादन तोंडाने काढलेल्या ठेकेबाज आवाजांनी सुरू होतं आणि मग त्यात राइट यांचा पियानो येतो, शांत, रात्रीच्या मैफलीसारखा. त्या पियानोसाठी मी तो तुकडा किती वेळा लावला असेल. रॉजर वॉटर्स यांचं बास आणि निक मेसन यांचे ड्रम अजून घडायचे होते. वॉटर्स, मेसन आणि राइट लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकताना भेटले, आणि तेव्हा ते तंत्राने काही थोर वादक नव्हते. पण मेसन ठेका धरण्याऐवजी सिंबल्सच्या तबकांचा आणि घुमणाऱ्या टॉम-टॉमचा आवाज पसरवतात, आणि इथे तेच हवं होतं.

आता बालगीतांविषयी. इथे मी तुमच्याशी थोडा वाद घालणार आहे.

अल्बमचं नावच एका मुलांच्या पुस्तकातल्या प्रकरणाचं आहे. केनेथ ग्रॅहम यांच्या 1908 च्या 'द विंड इन द विलोज'चं सातवं प्रकरण. नदीकाठचे दोन प्राणी, एक उंदीर आणि एक चिचुंद्रीसारखा मोल, हरवलेल्या पाणमांजराच्या पिल्लाला शोधत पहाटे नावेतून जातात. त्यांना बासरी ऐकू येते, आणि त्या सुरांमागे जाऊन त्यांना साक्षात पॅन हा वनदेव दिसतो. नंतर देव त्यांना विस्मरण देतो, कारण ते आठवत राहिलं तर बाकीचं आयुष्य फिकं पडेल. बासरी ऐकून भान हरपणं आपल्याला गवळणींमधून ठाऊक आहे, पण तो अनुभव विसरायला लावणारा देव ही कल्पना मला फार चटका लावून गेली. बॅरेटच्या कल्पनेतलं लहानपण असं आहे: दिसलेलं, हरवलेलं आणि सुरांनी पुन्हा शोधलेलं.

म्हणून 'द नोम' किंवा 'द स्केअरक्रो' ऐकताना त्यांना पोरकट म्हणू नका. आपल्याकडे म्हातारी भोपळ्यात बसून टुणूक टुणूक करत लेकीकडून परतते आणि ती आत मावली कशी, असं कुठलंही मूल विचारत नाही. त्या गोष्टीत वाघाची भीती खरी असते. बॅरेटच्या गाण्यातही तसंच आहे. 'द स्केअरक्रो'त लाकडी ठोके घोड्याच्या टापांसारखे टपटपत राहतात, सूर साधा आहे, पण शेतात एकटं उभं असलेलं ते बुजगावणं स्वतःच्या नशिबावर समाधान मानून आहे हे कळतं तेव्हा गळ्यात काहीतरी अडकतं. 'मटिल्डा मदर'मध्ये आईने गोष्ट वाचता वाचता मध्येच थांबवली आहे आणि मूल पुढची ओळ मागतंय. या गाण्यासाठी बॅरेटने आधी हिलेर बेलॉक यांच्या मुलांसाठीच्या कवितांचे शब्द घेतले होते. परवानगी मिळाली नाही म्हणून स्वतःचे लिहिले. झालं ते चांगलंच झालं. उसन्या गोष्टीच्या जागी, गोष्ट ऐकण्याची तहानच गाण्यात आली.

शेवटचं 'बाइक' मला सगळ्यांत जास्त आवडतं. वादक म्हणून ते मोजायला बसलात तर वेड लागेल. ओळी कधी एक मात्रा जास्त घेतात, कधी कमी. नुसतं चारचं आवर्तन धरून बसणारा ड्रमर तिसऱ्या ओळीत पडतो. पण जात्यावरची ओवी आठवा. तिथे ओळ शब्दांप्रमाणे लांबते किंवा आखडते, बाईला सांगायचं असेल तेवढं ती त्या ओळीत बसवते आणि जातं फिरत राहतं. 'बाइक'मध्ये तसंच शब्द आधी, मात्रा मागून. विद्यार्थ्याला ते शिकवताना मी आधी गिटार बाजूला ठेवायला लावतो आणि शब्द बोलून घेतो. बोलण्याचा झोक सापडला की मोजावं लागत नाही. गाणं संपल्यावर जणू एक दार उघडतं आणि घड्याळं, घंटा, यंत्रांचे आवाज यांचा ढीग कोसळतो. टेपचे तुकडे कापून जोडून केलेलं काम आहे ते. शेवटी बदकांच्या कलकलाटासारखं काहीतरी फिरत राहतं आणि अल्बम तिथेच विरतो.

क्रमही पाहा. ब्रिटिश आवृत्तीत दुसरी बाजू 'इंटरस्टेलर'ने सुरू होते आणि त्याच्या शेवटाला चिकटूनच 'द नोम' येतं. अवकाशातून थेट बागेतल्या बुटक्याच्या घरी. तुम्हाला हे दोन वेगळे अल्बम वाटले, पण त्यांना तसं शेजारी ठेवण्यातच विचार आहे. 1966 च्या डिसेंबरपासून लंडनमध्ये टॉटनम कोर्ट रोडवरच्या यूएफओ क्लबात हा बँड वाजवायचा. भिंतीवर रंगीत द्रवांची चित्रं हलायची आणि वादन लांबत जायचं. तिथलं सैल, लांब वादन आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला हवी असलेली तीन मिनिटांची गाणी, यांची ओढाताण या अकरा तुकड्यांमध्ये ऐकू येते. आठ बॅरेटची, दोन चौघांची मिळून, एक वॉटर्सचं. वॉटर्सचं 'टेक अप दाय स्टेथोस्कोप अँड वॉक' मला कच्चं वाटतं. त्याच्यावर वेळ घालवू नका.

नॉर्मन स्मिथ यांना काही लोक दोष देतात की त्यांनी या बँडला गाण्यांत कोंबलं. मला ते पटत नाही. 1965 च्या 'रबर सोल'पर्यंत ते बीटल्सचे ध्वनिमुद्रक होते. 'पायपर'चं काम 1967 च्या फेब्रुवारीत ॲबी रोडच्या स्टुडिओत सुरू झालं तेव्हा त्याच इमारतीत बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते. यंत्र चार ट्रॅकचं होतं. चार ट्रॅकमध्ये हा सगळा पसारा बसवायचा तर आवाज एकत्र करून जागा मोकळी करायची, पुन्हा भरायची, पुन्हा एकत्र करायचे. ज्यांनी असं काम केलंय त्यांना त्यातला धीर कळेल. यात एकदा घेतलेला निर्णय परत फिरवता येत नाही. आज माझा विद्यार्थी लॅपटॉपवर शंभर ट्रॅक उघडतो आणि एकही पक्का करत नाही, तेव्हा मला स्मिथ आठवतात.

आता रागसंगीताचा प्रश्न. सायकेडेलिक रॉकवर आपल्या संगीताचा परिणाम झाला हे खरं आहे. बीटल्सनी 'रबर सोल'वर सतार वापरली, आणि ती ध्वनिमुद्रित करणारे हेच नॉर्मन स्मिथ होते. पण 'पायपर'वर सतार नाही, तबलाही नाही. राग तर नाहीच. एक जागा मात्र दाखवतो. 'मटिल्डा मदर'च्या मधल्या भागात राइट ऑर्गनवर जो तुकडा वाजवतात तो माझ्या कानाला बसंत मुखारीच्या स्वरांत येतो: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. तुम्ही ऐकाल तेव्हा लगेच ओळखाल. पण स्वर तेच असले म्हणून राग होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. रागाचं चलन नाही, न्यासाच्या जागा नाहीत, भैरवाच्या अंगाचं आंदोलन नाही. पश्चिमेत याच स्वरसमूहाला वेगळं नाव आहे आणि तो स्पेनपासून मध्यपूर्वेपर्यंतच्या संगीतात सापडतो. त्यामुळे राइट यांनी आपला राग घेतला असा दावा करू नये. पूर्वेकडचं काहीतरी दूरचं, गोष्टीतलं वाटावं म्हणून तो रंग वापरला आहे, आणि गोष्ट ऐकणाऱ्या मुलाच्या गाण्यात तो बरोबर बसतो. 'चॅप्टर ट्वेंटीफोर'चंही तसंच. त्याचे शब्द 'ई चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथाच्या चोविसाव्या आकृतीवरून घेतले आहेत. ती आकृती परत येण्याची आहे.

रागसंगीताशी खरं साम्य मला ऐकण्याच्या पद्धतीत दिसतं. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. सतरंजीवर मांडी घालून बसलेला श्रोता एका रागाला तासभर द्यायचा, मध्ये डुलकी लागली तरी पहाटेच्या गाण्याला जागा व्हायचा. वेळ सैल सोडायची तयारी असलेला कान तुमच्याकडे दहा वर्षांच्या शिक्षणाने आधीच आलेला आहे. 'डार्क साइड'मध्ये सगळं तासून, घासून, मोजून ठेवलेलं आहे, म्हणून तो लगेच आवडतो. तो 1973 चा, डेव्हिड गिलमोर आल्यानंतरचा, वेगळ्याच बँडसारखा. त्या मापाने 'पायपर'ला मोजू नका.

ऐकायचं कसं, ते सांगतो. शक्य असेल तर मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं, मिश्रण मिळवा. त्या काळी मोनोलाच जास्त मान होता आणि या अल्बमचं मोनो मिश्रण अधिक घट्ट आहे, ड्रम पुढे आहेत, गाणी एकजीव वाटतात. 2007 मध्ये निघालेल्या तीन सीडींच्या संचात मोनो आणि स्टिरिओ दोन्ही आहेत. 'इंटरस्टेलर' मात्र दोन्हींत ऐका, स्टिरिओतला तो शेवटचा झोका मोनोत नाही. अमेरिकन आवृत्ती हाती लागली तर बाजूला ठेवा. तिच्यात 'ॲस्ट्रॉनॉमी डोमिनी', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' काढून 'सी एमिली प्ले' घातलेलं होतं. ते गाणं सुरेख आहे, पण दार आणि खिडकी काढून घर पाहिल्यासारखं होतं. मी पहिली काही वर्षं जी कॅसेट ऐकली ती तशीच होती आणि 'बाइक' मला फार उशिरा भेटलं, याची हळहळ आजही आहे.

सुरुवात 'मटिल्डा मदर'पासून करा, कारण तिथे तुमचा कान लगेच रमेल. मग 'ॲस्ट्रॉनॉमी', मग 'बाइक'. 'ल्युसिफर सॅम' मधल्या वेळेत ऐका, ते बॅरेटच्या सयामी मांजरावरचं आहे आणि त्याची गत पाय हलवायला लावते. तीन-चार दिवस हे झाल्यावर एका रात्री रस्त्यावरची रहदारी थांबली की दिवे मालवून 'इंटरस्टेलर' लावा. तानपुरा ॲपवर 'ई'चा षड्ज हलका चालू ठेवा. मुखडा दोन-तीनदा ऐकलात की हाताने मात्रा धरा, मधल्या भागात ठेका विरघळला तरी सोडू नका. कोणता स्वर लागला हे न बघता फक्त आवाजाचा पोत कधी बदलला तेवढं मनात नोंदवा. मग मुखडा परत येईल. त्या क्षणी तुमचा हात कुठे पडतो, मुखड्याच्या आधी, बरोबर, की मागून, ते मला नक्की कळवा.